पीठ आणि विष एकाच जहाजात

फवारणीच्या विषाला आपण सगळ्याच ‘औषध’ म्हणतो. शब्द इतका अंगवळणी पडलाय की ते औषध पोह्यांच्या पुड्याशेजारी पिशवीत घालताना हात थबकत नाही. आज त्याच पिशवीचा इतिहास सांगते.

१९५८ साल. केरळात आणि शेजारच्या मद्रास राज्यात एकाएकी माणसं आजारी पडू लागली. उलट्या, तोंडाला लाळ, दरदरून घाम, श्वास कोंडायचा. शंभराहून अधिक माणसं दगावली. साथ म्हणावी तर साथ नव्हती. शोध पिठाच्या पोत्यांपर्यंत गेला. ज्या जहाजातून धान्यमाल आला, त्याच जहाजात फॉलिडॉल, म्हणजे पॅराथिऑन हे कीटकनाशक होतं. ते गळलं आणि अन्नात मुरलं. कुणी मुद्दाम घातलं नव्हतं. शेजारी शेजारी ठेवलं, एवढंच.

न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा चौकशी आयोग नेमला गेला. ते तेव्हा आपल्या मुंबई उच्च न्यायालयात होते. कायदा यायला मात्र दहा वर्षं लागली. कीटकनाशक कायदा १९६८चा आणि त्याचे नियम १९७१चे. डब्यावरचा रंगीत चौकोन या नियमांतून आला. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण हिरवा असला तरी ते विषच. वाहतुकीचा नियमही झाला. कीटकनाशकाचा खाण्याच्या वस्तूंशी किंवा जनावरांच्या खाद्याशी संबंध येता कामा नये. रिकाम्या डब्यांचंही लिहिलं. ते पुन्हा कुणी वापरतील असे बाहेर टाकू नयेत, फोडून वस्तीपासून दूर पुरावेत.

नियम चांगले होते. पण ते कारखानदार, दुकानदार आणि मालवाहू गाड्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलेले. स्वयंपाकघरात कोण निरीक्षक येतो?

१६ जुलै २०१३. बिहारच्या सारण जिल्ह्यातलं गंडामन गाव. शाळेत दुपारचं जेवण, भात आणि सोयाबीन-बटाट्याची भाजी. २३ मुलं गेली. तपासणीत तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. पॅराथिऑनच्याच कुळातलं ते विष. तेल कीटकनाशकाच्या डब्यात ठेवलेलं होतं, असा संशय होता. तेलाला वेगळाच वास येतोय, असं स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी म्हटल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. मला यातलं हेच सर्वांत जास्त टोचतं. १९५८ पासून ५५ वर्षं गेली, नियम पुस्तकात होता, आणि धोका ओळखला तो चुलीपुढच्या बाईच्या नाकानं. तिचं ऐकायची पद्धत मात्र कुठल्या नियमात नव्हती.

आपल्याकडे रिकामा डबा टाकवत नाही. चांगलं प्लास्टिक, घट्ट झाकण. राखेनं घासला की झालं, असं वाटतं. पण प्लास्टिकमध्ये मुरलेलं विष घासून जात नाही. म्हणून औषध संपलं की डबा तिथेच, शेतात, तीनदा खळबळून घ्या आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता. ओढ्यात नाही, विहिरीजवळ नाही. मग डब्याला खिळ्यानं भोकं पाडा. भोक पडलेल्या डब्यात ना रॉकेल राहतं ना तेल. जाळू मात्र नका, धूर विषारी असतो.

आणताना किराणा एका पिशवीत, औषध दुसऱ्या. वडापमधून येताना ती पिशवी लेकरांच्या पायाशी ठेवू नका. सुटं औषध पाण्याच्या बाटलीत घेऊच नका. त्या बाटलीवर ना रंगीत चौकोन असतो ना नाव. फिनेल, उंदराचं औषध, संडास धुण्याचं ॲसिड यांनाही हेच लागू. आणि कुणाच्या पोटात गेलंच, तर मीठपाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नका. १०८ला फोन करा आणि डबा सोबत न्या. डब्यावरचं नाव वाचूनच डॉक्टरांना पुढचा उपचार ठरवता येतो.