बारनिशी : पत्रभाराच्या व्यवस्थेचा एक मराठी इतिहास

१

नागपूरच्या जुन्या शहरभागात, महाल आणि इतवारी या दोन ऐतिहासिक वस्त्यांच्या सान्निध्यात, गांधीबाग ही ठोक कापडाची बाजारपेठ आहे. या पेठेतील पेढीवरील संगणकात आज गिरणीचे दरपत्रक, अडत्याचे स्मरणपत्र, मालवाहतुकीची बिल्टी, बँकेची सूचना, अनाहूत जाहिरात आणि करखात्याची नोटीस ही सर्व एकाच रांगेत, एकाच आकाराच्या अक्षरांत येऊन उभी राहतात. यांपैकी पहिली पाच नजरेआड झाली, तर फार तर एखादा सौदा हुकतो. सहावीची गोष्ट निराळी आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ याच्या कलम १६९ अन्वये नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेल पत्त्यावर पाठविलेली नोटीस ही बजावलेली नोटीस समजली जाते. ती कोणी वाचली की नाही, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने दुय्यम ठरतो. मुदतीत उत्तर गेले नाही, तर व्यापाऱ्याचे म्हणणे न ऐकताच आदेश होऊ शकतो. पत्रांच्या गर्दीत एक पत्र हरवणे याची किंमत अशी रोकडीने मोजावी लागते.

ई-मेलचा हा भार नव्या यंत्रामुळे उद्भवलेले अपूर्व संकट आहे, असे सामान्यतः मानले जाते. त्यावरचे उपायही बहुधा व्यक्तीला उद्देशून सांगितले जातात: अमुक वेळीच पत्रे पाहावीत, तमुक पत्रे काढून टाकावीत, इत्यादी. परंतु आवाक्याबाहेर गेलेला पत्रव्यवहार ही मराठी भाषकांना अपरिचित असलेली आपत्ती नव्हे. गांधीबागेच्या शेजारीच, महालातील भोसल्यांच्या दरबारात, अठराव्या शतकात या प्रश्नाला तोंड द्यावे लागले होते. आणि त्याचे जे उत्तर मराठी राज्यकारभाराने शोधले होते, त्याचे अवशेष भाषेत अद्याप शिल्लक आहेत. त्या अवशेषांच्या आधारे या उत्तराचे स्वरूप काय होते ते पाहणे उद्‌बोधक ठरेल.

२

भोसल्यांच्या राज्याचा विस्तार लक्षात घेतला म्हणजे त्यांच्या पत्रव्यवहाराचा व्याप कळून येतो. १७५१ मध्ये अलीवर्दीखानाशी झालेल्या तहानंतर ओरिसा त्यांच्या ताब्यात आला आणि बंगालच्या चौथाईचे १२ लक्ष रुपये त्यांना देण्याचे ठरले. १८०३ पर्यंत कटक त्यांच्याकडे होते. पुण्यास पेशवे, दक्षिणेस निजाम, पूर्वेस कलकत्त्याचे इंग्रज अशा तिन्ही दिशांना वकील ठेवून सतत बातमी आणवावी लागे. बेनीराम पंडित हे नागपूरकरांचे वकील हेस्टिंग्जच्या काळात कलकत्त्याच्या राजकारणात वावरत होते. जासुदांच्या जोड्या महत्त्वाची पत्रे घेऊन धावत. साडेतीन शहाण्यांपैकी एक म्हणून ज्यांची गणना होते, त्या दिवाकरपंत ऊर्फ देवाजीपंत चोरघडे यांचे शहाणपण पुष्कळ अंशी या पत्रांच्या वाचनावर आणि उत्तरांवर अवलंबून होते.

तथापि एकट्या देवाजीपंतांनी सर्व पत्रे वाचावीत, अशी अपेक्षा कोणी केली नसती. मराठी आडनावांतच याचे कारण सापडते. चिटणीस, फडणीस, सुरनीस, वाकनीस, पोतनीस, जमेनीस, पारसनीस, कारखानीस या सर्व नावांच्या अंती फारसीतील ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा, हा एकच घटक आहे. बदलतो तो पूर्वपदातील विषय. चिट्ठी लिहिणारा चिटणीस. फर्द, म्हणजे हिशेबाचा ताव, लिहिणारा फडणीस. घडलेल्या वाकयाची नोंद ठेवणारा वाकनीस. पोत्याचा, म्हणजे खजिन्याचा, हिशेब ठेवणारा पोतनीस. फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस. नागपुरात ‘चिटणवीस’ हे रूप रूढ राहिले व त्यात ‘नवीस’ हा मूळ शब्द अविकृत दिसतो. ‘लिहिणारा’ हा एकच व्यवसाय इतक्या नावांत विभागला गेला, ही गोष्ट शब्दव्युत्पत्तीपुरती मर्यादित नाही. कागद दारात येताच तो कोणाचा आहे हे ठरलेले असे, अशा व्यवस्थेची ती साक्ष आहे. भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, त्यांचा वाडा १८६४ मध्ये जळाला. परंतु महालातील चिटणवीसपुरा आणि चिटणीस पार्क ही नावे पत्रलेखकांच्या घराण्याची आठवण अजून धरून आहेत.

३

श्रमविभागाबरोबरच दुसरी गोष्ट होती ती तपासणीच्या टप्प्यांची. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी सुरनीस या पदाला ‘सचिव’ आणि वाकनीस या पदाला ‘मंत्री’ अशी संस्कृत नावे मिळाली. राजपत्रांतील मजकूर तपासून अधिक-उणे अक्षर दुरुस्त करणे हे सचिवाचे काम ठरविण्यात आले. शिवकालीन पत्रांच्या शेवटी वा पाठीवर ‘सुरू सूद’, ‘बार’ यांसारखे त्रोटक शेरे आढळतात. कागद निरनिराळ्या टप्प्यांवरून पुढे सरकल्याच्या आणि दफ्तरात त्याची नोंद झाल्याच्या त्या खुणा होत. पत्राच्या अंती उमटणारी मर्यादेची मुद्रा मजकूर येथे संपला असे जाहीर करी, म्हणजे तिच्याखाली कोणाला काही वाढविता येत नसे.

यांतील ‘बार’ या शेऱ्याचा वारसा विशेष लक्षणीय आहे. पत्रांची नोंद ठेवणारा तो बारनीस आणि त्याची वही ती बारनिशी. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत ‘आवक बारनिशी’ आणि ‘जावक बारनिशी’ हे शब्द अद्याप रोजच्या वापरात आहेत. राज्ये बदलली, लिपी बदलली, बोरूच्या जागी टाक आणि टाकाच्या जागी टंकलेखनयंत्र आले, तरी हा शब्द टिकून राहिला. कारण त्यामागचे तत्त्व उपयोगाचे होते. आलेले पत्र वाचण्याआधी त्याला क्रमांक द्यावयाचा, कोणाकडून, कोणत्या विषयाचे, कोणाकडे सोपविले एवढे वहीत लिहावयाचे, आणि मगच ते संबंधिताच्या हाती जावयाचे. वाचणे आणि नोंदणे या दोन क्रिया येथे एकमेकींपासून अलग केल्या आहेत. त्यामुळे वाचणाऱ्याला विसर पडला, तरी वहीला पडत नाही. आणि निकाल न लागलेले पत्र कोणते, हे वहीतील रिकामा रकानाच सांगतो.

पत्राची भाषाही या व्यवस्थेला साहाय्य करीत असे. आरंभीचा मायना पाहूनच पत्र बरोबरीच्याचे, वडिलाचे की चाकराचे हे कळे. त्यानंतर ‘येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत असावे’ हा ठराविक मजकूर येई आणि पुढे ‘विशेष’ हा शब्द. सरावलेल्या कारकुनाची दृष्टी सरळ ‘विशेष’वर जात असे, कारण कामाचा मजकूर तेथून सुरू होई. निराळा विषय असल्यास तो अलाहिदा पुरवणीत लिहीत, म्हणजे एक ताव एका कारकुनाकडे आणि पुरवणी दुसऱ्याकडे देता येई. हे सांकेतिक मजकूर आजच्या वाचकाला नुसता शिष्टाचार वाटतात. वस्तुतः ते वाचनाचा वेळ वाचविणारे मार्गदर्शक होते. मोडी लिपीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. ओळीवर आधी आडवी रेघ ओढून घ्यावयाची, लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे जोडीत जावयाचे, इकार-उकारांतील ह्रस्वदीर्घाचा भेद पाळीत बसावयाचे नाही, हे सर्व लेखनाचा वेग वाढविण्यासाठीच होते.

पुण्याच्या पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात याच तत्त्वांचा मोठ्या प्रमाणावर विकास झाला. चालू कामाचे ते ‘चालते दफ्तर’ आणि जमलेल्या हिशेबांची वर्गवारी व गोषवारे करणारे ते ‘एकबेरीज दफ्तर’, असा भेद तेथे होता. आज काय करावयाचे आणि पूर्वी काय झाले, हे कागद एकमेकांत मिसळू नयेत याची ही दक्षता. कागद कापडाच्या रुमालात बांधून ठेवले जात. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध करू शकावे, याचे श्रेय संपादकाच्या परिश्रमाइतकेच या रुमालांनाही दिले पाहिजे.

४

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्या उणिवांकडे डोळेझाक करणे योग्य नव्हे. बारनिशीत नोंद झाली म्हणजे न्याय झाला, असे कधीच नव्हते. मोडी वाचणारे थोडे, दफ्तर त्यांच्या हाती, आणि त्यामुळे कागद पुढे सरकविणे वा दाबून ठेवणे हीही एक सत्ता बनली. दूरच्या खेड्यातील रयतेचा अर्ज कोणत्या रुमालात पडून आहे, हे त्या रयतेला कळण्याचा मार्ग नव्हता. शिवाय ही सारी यंत्रणा देखरेखीवर अवलंबून होती. १८०० मध्ये नाना फडणवीस निवर्तले, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत फडाची पूर्वीची शिस्त राहिली नाही. वह्या त्याच होत्या, पण वही रोज पाहणारा डोळा नव्हता.

यापेक्षा महत्त्वाचा बदल बाहेरून झाला. नागपूर खालसा झाले त्याच १८५४ साली, १ ऑक्टोबरपासून, हिंदुस्थानभर अंतराचा विचार न करता पाव तोळा वजनाच्या पत्रास अर्धा आणा असा एकच दर सुरू झाला. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. १८६७ मध्ये नागपुरास रेल्वे पोहोचली आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. कापूस, सूत आणि कापड यांच्या व्यापाराबरोबर पत्रेही वाढली. जासुदाच्या काळात पत्र पाठविण्याचा खर्च पाठविणाऱ्यास जाणवत असे, आणि म्हणून लिहिण्यापूर्वी तो विचार करी. दर उतरला तसा हा लगाम सैल झाला. पाठविणाऱ्याचा खर्च जसजसा कमी होत गेला, तसतसा घेणाऱ्याचा भार वाढत गेला.

ई-मेल ही या प्रवाहाची अखेरची पायरी होय. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप धाडला. भारतात १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांना इंटरनेटची सेवा देऊ केली. आता एक पत्र आणि शंभर पत्रे पाठविण्याच्या खर्चात जवळजवळ अंतर उरलेले नाही. त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. या यंत्राने प्रत्येकाला स्वतःचा चिटणीस केले, परंतु फड कोणालाच दिला नाही. उघडणे, वाचणे, नोंदणे, वाटून देणे, उत्तर लिहिणे, जतन करणे ही पूर्वी अनेक हातांत विभागलेली कामे एकाच माणसाच्या एकाच बैठकीत येऊन पडली. तो दिवसभर पत्रे वाचतो, परंतु वाचलेले पत्र आणि निकाली निघालेले पत्र यांतील फरक दाखविणारी वही त्याच्यापाशी नसते.

५

जुन्या तत्त्वांचे नव्या काळात रूपांतर करणे शक्य आहे, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या शासनव्यवहारातच सापडते. १९८० च्या दशकात अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन कामकाजाची जी पुनर्रचना केली, ती ‘लखिना पॅटर्न’ या नावाने राज्यभर परिचित झाली. शासकीय कार्यालयांत प्रचलित असलेली ‘सहा गठ्ठा पद्धती’ही याच विचाराची आहे. तीत कारकुनाच्या टेबलावरील प्रत्येक कागद सहांपैकी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे: कार्यवाही व्हावयाची प्रकरणे, दुसऱ्याच्या उत्तराची प्रतीक्षा असलेली प्रकरणे, ठराविक मुदतीने पाठवावयाची नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे कागद. सातवा गठ्ठा नाही. ‘नंतर पाहू’ या नावाखाली कागद पडून राहण्यास जागाच ठेवलेली नाही, हे या पद्धतीचे मर्म. प्रतीक्षेतील प्रकरणांचा स्वतंत्र गठ्ठा करणे हेही मार्मिक आहे, कारण काम आपल्याकडे अडले आहे की दुसऱ्याकडे, याचा उलगडा त्यामुळे होतो.

गांधीबागेतील पेढीला राजाचा फड परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. ज्या मुनिमाला रोजकीर्द आणि खतावणी यांतील भेद सांगावा लागत नाही, त्याला बारनिशीचे तत्त्व परके वाटण्याचे कारण नाही. रोजकीर्दीत रक्कम आली त्या दिवशी लिहिली जाते, आणि खतावणीत ती ज्याच्या त्याच्या खाती जाते. पत्रांच्या बाबतीतही याहून निराळे काही करावयाचे नाही. खात्याच्या नोटिशीसाठी स्वतंत्र पत्ता ठेवणे, तो उघडण्याची जबाबदारी एका नावावर सोपविणे, आलेल्या पत्राची तारीख, मुदत आणि उत्तर या तीन रकान्यांची वही ठेवणे, आणि दिवसाच्या अखेरीस रिकामे रकाने मालकाने पाहणे, एवढ्याने बारनिशी साधते. ती कागदावर असली काय किंवा संगणकात असली काय, तत्त्वात फरक पडत नाही.

मराठी दफ्तराचा इतिहास पाहता, कोणत्याही काळात पत्रांचा भार कोणा एका व्यक्तीच्या चपळाईने हलका झाल्याचे दिसत नाही. तो हलका झाला तो प्रत्येक कागदाला धनी, क्रमांक आणि जागा मिळाल्यामुळे. आणि जेथे वही पाहणारा डोळा ढळला, तेथे उत्तम वह्याही निरुपयोगी ठरल्या. ‘बारनिशी’ हा शब्द सरकारी कार्यालयांच्या बाहेर आज फारसा ऐकू येत नाही. त्या शब्दाने दर्शविलेली गरज मात्र गांधीबागेतील प्रत्येक पेढीच्या पडद्यावर रोज सकाळी उभी असते.