सुयांची टंचाई

डॅनी बॉईलचा १९९६ सालचा 'ट्रेनस्पॉटिंग' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. एडिंबरातली हेरॉइन घेणारी पोरं आणि त्यांचे उद्योग. त्यातल्या एकाला एचआयव्ही होतो आणि तो मरतो. सिनेमा बघून मला प्रश्न पडला, की एवढ्याशा शहरात हे आलं कुठून? मग सगळा वीकेंड वाचण्यात गेला.

तर झालं असं. १९८० च्या सुमारास ब्रिटनमध्ये स्वस्त हेरॉइन यायला लागलं. एडिंबराच्या म्युरहाउससारख्या वस्त्यांमध्ये बेकारी होती, विशीतली पोरं रिकामी होती आणि ती टोचून घ्यायला लागली. वरच्या लोकांनी विचार केला, सिरिंजच मिळाली नाही तर टोचणार कशाने? ऐकायला अगदी लॉजिकल! दुकानांनी सिरिंज विकणं थांबवलं. झडतीत सापडली की पोलीस जप्त करायचे.

पण हेरॉइन होतं तिथेच राहिलं, कमी झाल्या त्या फक्त सिरिंज. मग एकाच सिरिंजवर दहा-दहा, वीस-वीस जण. टोचताना शीर बरोबर सापडली का हे बघायला थोडं रक्त आत ओढतात. ते सगळं बाहेर जात नाही, थोडं आत उरतंच. म्हणजे पुढच्याला हेरॉइनबरोबर आधीच्याचं रक्तही मिळतं. आधी पसरली हिपॅटायटिस बी ची कावीळ.

म्युरहाउसमध्ये रॉय रॉबर्टसन नावाचे फॅमिली डॉक्टर होते. त्यांच्या पेशंटांचे काविळीच्या वेळचे रक्ताचे नमुने साठवलेले होते. १९८५ मध्ये एचआयव्हीची चाचणी आली, तेव्हा तेच जुने नमुने पुन्हा तपासले गेले. (आपण जुन्या लॉग्जवर नवी क्वेरी चालवतो ना, तसं.) टोचून घेणाऱ्या १६४ जणांपैकी ५१ टक्के बाधित निघाले! १९८६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आलं. साथ १९८३ च्या अखेरीसच सुरू झाली होती. म्हणजे चाचणी येण्याच्या आधी, कोणाला पत्ता लागण्याच्या आधी.

आता शेजारचं ग्लासगो बघा. ट्रेनने तासाभराचं अंतर. तिथेही हेरॉइन होतं, बेकारी होती. पण टोचून घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण त्या काळात ५ टक्क्यांच्या आसपास होतं. विषाणू कुठे आधी पोचला हा नशिबाचाही भाग असतो, मान्य. पण एडिंबरात तो पोचला तेव्हा त्याच्यासाठी रस्ता तयार होता, आणि तो चांगल्या हेतूने बांधलेला होता.

१९८६ मध्ये स्कॉटलंडच्या मॅक्लेलंड समितीने उलटा सल्ला दिला: यांना स्वच्छ सुया द्या. १९८७ मध्ये सरकारी प्रयोग सुरू झाले. पुढे डॉक्टर मेथाडोन लिहून द्यायला लागले. ते तोंडाने घ्यायचं औषध, म्हणजे सुईच नको. सुया वाटल्या की व्यसन वाढेल ही भीती तेव्हाही होती, आजही असते. तसं होतं असं इतक्या वर्षांच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. एडिंबरात नवी लागण घटली. पण आधी लागण झालेल्यांसाठी उशीर झाला होता. एचआयव्हीवर परिणामकारक औषधं १९९६ च्या सुमारास आली, तोवर त्यातली कितीतरी पोरं गेली होती.

आणि हा धडा एकदाच शिकून भागत नाही. २०१५ मध्ये त्याच ग्लासगोत टोचून घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीची साथ आली. ती चालू असतानाच, २०१७ मध्ये, तिथल्या सेंट्रल स्टेशनातलं सुया देणारं केंद्र बंद करायला लावलं गेलं! शेवटी जानेवारी २०२५ मध्ये त्याच शहरात ब्रिटनमधलं पहिलं अधिकृत केंद्र उघडलं, जिथे नर्सच्या देखरेखीखाली, स्वच्छ सुईने टोचून घेता येतं.

व्यसन सुटायला वर्षं लागतात, आणि सुटेपर्यंत माणूस जिवंत राहायला हवा. सुई देणाऱ्याचं म्हणणं एवढंच असतं.