कालरात्रीची कथा आणि ‘डाकिनी’ शब्दाचा प्रवास

सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तील भयकथा बहुधा दोन प्रकारे वाचल्या जातात: निव्वळ करमणूक म्हणून, अथवा मध्ययुगीन तांत्रिक आचारांचा पुरावा म्हणून. या दोन्ही वाचनांत एक प्रश्न सुटून जातो. या कथांत विद्या कोणाची आणि दंड कोणाला?

काश्मीरनरेश अनंताची राणी सूर्यवती हिच्या मनोविनोदासाठी सोमदेवाने हा ग्रंथ अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात रचला. त्याचे मूळ जी ‘बृहत्कथा’, ती गुणाढ्याने पैशाचीत लिहिली, अशी परंपरा असून ती गुणाढ्याला सातवाहनाच्या दरबारात, म्हणजे आपल्या पैठणास नेऊन बसविते. (पिशाचांच्या कथा पिशाचांच्याच भाषेत, हा योग परंपरेला आवडला असल्यास नवल नाही.)

लावाणक लंबकातील कुवलयावलीचे आख्यान या दृष्टीने विशेष बोलके आहे. राजा आदित्यप्रभ आपल्या राणीस विवस्त्र, उभारलेल्या केसांनी अघोर पूजा करताना पाहतो. ती आपली हकीगत सांगते, आणि त्या हकीगतीत तिची गुरू कालरात्री येते. ही कालरात्री गावकुसाबाहेरची कोणी निराधार म्हातारी नव्हे; ती एका ब्राह्मण उपाध्यायाची पत्नी आहे. पतीचा शिष्य सुंदरक तिला नकार देतो, तेव्हा ती स्वतःची वस्त्रे फाडून त्याच्यावर खोटा आळ घेते. मार खाऊन सुंदरक एका गोठ्यात लपतो. रात्री कालरात्री इतर डाकिनींसह तेथेच येते आणि मंत्रबळाने तो गोठाच उचलून आकाशमार्गाने उज्जयिनीस नेते. लपलेला सुंदरक तो मंत्र चोरून ऐकतो, पाठ करतो आणि पुढे स्वतःही उडू लागतो.

प्रकरण कान्यकुब्जाच्या राजापुढे जाते. कालरात्री निर्भयपणे सर्व कबूल करते. राजा तिचे कान कापू पाहतो, ती सर्वांच्या डोळ्यांदेखत अदृश्य होते, आणि तिला राज्यात राहण्याची बंदी होते. सुंदरकाचा मात्र सत्कार होतो. तिच्या खोट्या आळाबद्दल तिला दंड झाला, असे कोणी म्हणेल. परंतु मग चोरलेल्या विद्येबद्दल सुंदरकाला कोणीच का विचारीत नाही? मंत्र एकच आहे. तो स्त्रीच्या मुखी असता ती डाकिनी ठरते, पुरुषाच्या मुखी असता त्याला साधे नावही पडत नाही. सोमदेव यावर काहीच भाष्य करीत नाही, आणि तेच अधिक सूचक वाटते.

कथा आणि इतिहास यांची सीमा त्या काळी आजच्याइतकी कडक नव्हती. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’त (इ. स. ११४८-४९) योगिनी रात्री स्मशानात येऊन सुळी दिलेल्या संधिमतीचा सांगाडा जुळवितात, त्याला जिवंत करतात आणि तो पुढे काश्मीरचा राजा होतो. येथे त्याच जातीच्या स्त्रिया राजा घडवितात.

शब्दाचा इतिहास याहून जुना आहे. राजस्थानातील गंगधार येथील मालव संवत् ४८० (इ. स. ४२३-२४) च्या शिलालेखात मयूराक्षक नावाच्या अमात्याने मातृकांसाठी बांधविलेले मंदिर डाकिनींनी गजबजलेले वर्णिले आहे. तेथे त्या उग्र आहेत, पण देवीच्या परिवारातील आहेत. प्राकृतात स्वरमध्य ‘क’ लोपून ‘डाइणी’ आणि पुढे हिंदी ‘डायन’ हे रूप आले. मराठी ‘डाकीण’मध्ये तो ‘क’ टिकला आहे. म्हणजे हा शब्द मराठीत लोकमुखातून झिजत आलेला नसून संस्कृतातून, पोथीच्या वाटेने आलेला दिसतो. खरा झिजलेला शब्द म्हणजे ‘यक्षिणी’पासून आलेला ‘जखीण’.

बिहारमध्ये १९९९ साली डायन प्रथेविरुद्ध कायदा झाला, तेव्हा हा शब्द त्याच्या नावातच घ्यावा लागला. त्याच्या तिसऱ्या कलमात कोणाला डायन ठरविणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.