कॉलेजचं पहिलं सेमिस्टर जड का जातं?

बारावीला चांगले मार्क मिळवलेला विद्यार्थी इंजिनिअरिंगच्या पहिल्याच सेमिस्टरला गणितात अडकतो, हे महाराष्ट्रात दरवर्षी दिसतं. घरच्यांना वाटतं, पोरगं शहरात जाऊन बिघडलं. बहुतेक वेळा तसं काही नसतं. अभ्यासाची पद्धत बदललेली असते आणि ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

बारावीत एकाच परीक्षेची तयारी दोन-दोन वर्षं चालते. क्लास, टेस्ट सिरीज, मागे लागणारे सर, सगळं त्यासाठीच. सेमिस्टर मात्र साधारण 15 आठवड्यांचं. थिअरीचा 1 क्रेडिट म्हणजे 15 तासांचं शिकवणं. म्हणजे 4 क्रेडिटचा अख्खा विषय 60 तासांत संपतो. स्वतःचं वाचन त्यात धरलेलं नाही. कॅपच्या शेवटच्या फेरीत प्रवेश मिळालेल्यांना तर एवढे आठवडेही मिळत नाहीत.

दुसरी अडचण भाषेची, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. सायन्सची पुस्तकं अकरावीपासून इंग्रजीत असली, तरी गावाकडच्या ज्युनिअर कॉलेजात समजावून सांगणं बरेचदा मराठीतच होतं. पुढे तो आधार सुटतो. विषय कळतो, पण त्यावर इंग्रजीत पाच ओळी लिहिता येत नाहीत. इंग्रजी चुकेल या भीतीने शंकाही विचारली जात नाही, आणि मग विद्यार्थी मागच्या बाकावर सरकतो. अशा वेळी तास संपल्यावर सरांना गाठून मराठीत विचारायला काहीच हरकत नाही. उत्तरं लिहिण्याचा सराव मात्र पहिल्या महिन्यापासूनच करावा लागतो, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तो जमत नाही.

विषय राहिलाच तर? वर्ष वाया गेलं असं लगेच होत नाही. एटीकेटी म्हणजे 'अलाउड टू कीप टर्म्स'. ठरावीक मर्यादेपर्यंत विषय राहिले असले तरी पुढच्या वर्गात बसता येतं. ही मर्यादा विद्यापीठानुसार बदलते, त्यामुळे सिनिअर काय म्हणतात त्यापेक्षा परिपत्रक वाचलेलं बरं. निकाल घरी लपवला, तर मदत मिळायचा मार्गच बंद होतो.

सिनिअरशी ओळख उपयोगाची असते. नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, स्वस्त मेस, सगळं त्यांच्याकडूनच कळतं. पण 'इंट्रो'च्या नावाखाली त्रास होत असेल तर ते रॅगिंग आहे. यूजीसीच्या 2009 च्या नियमांनुसार त्यावर कारवाई होते. 1800-180-5522 या टोल-फ्री हेल्पलाइनवर 24 तास तक्रार करता येते.

पैशांची ओढाताण असेल तर कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना आहे का, ते विचारावं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी महाराष्ट्रात रुजवलेली ही कल्पना आजही अनेक ठिकाणी चालू आहे. लायब्ररीत, ऑफिसात किंवा बागेत रोज काही तास काम करून मेसच्या खर्चाला हातभार लागतो. जागा थोड्या असतात, म्हणून अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच करावा.