प्रेमकथा, मराठी

प्रेमकथा, मराठी : नायक-नायिकेचे एकमेकांवर जडलेले मन, त्याला घरातून होणारा विरोध आणि त्या विरोधाचा शेवट सांगणारी कथनपरंपरा. देवगिरीच्या यादवांचे राज्य होते त्या काळात तिची पहिली मोठी मराठी काव्ये रचली गेली. महदंबेने ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी गायिलेले ‘धवळे’ आणि 1292 च्या सुमारास नरेंद्राने लिहिलेले ‘रुक्मिणीस्वयंवर’ या दोन्हींची नायिका रुक्मिणी आहे. हा योगायोग नाही. मराठी प्रेमकथेला प्रेमिकांच्या भेटीपेक्षा मुलीच्या लग्नाचा निर्णय कोणाचा, हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा वाटत आला आहे. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी शिशुपालाला होकार देऊन बसतो. ती ब्राह्मणाहाती कृष्णाला निरोप धाडते, देवीच्या दर्शनाला जाते आणि तिथून त्याच्या रथात चढते. पाठलाग करणारा भाऊ हरतो, पण बहिणीच्या विनवणीमुळे जिवानिशी सुटतो. घरच्यांना डावलून केलेले हे लग्न समाजाने मंगल मानले, कारण नवरा देव होता.

ही तर भक्तिकाव्ये, त्यांना प्रेमकथा कसे म्हणावे, असा आक्षेप येतो. एकनाथांनी 1571 मध्ये पूर्ण केलेल्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’त जीव-शिवाच्या ऐक्याचा अर्थ उघड आहे, हे खरेच. मात्र मनाजोगा नवरा मिळावा म्हणून उपवर मुलींनी त्याच पोथीचे पारायण करण्याची रीत घरोघर टिकली. ऐकणाऱ्यांनी अध्यात्माबरोबर लग्नाची गोष्टही जपली. शृंगाराची ओढ महानुभाव पंथाच्या आतही जाणवत होती. भास्करभट्ट बोरीकराचे ‘शिशुपाळवध’ चांगले उतरले असले तरी ते विरक्तांच्या कामाचे नाही, असा अभिप्राय त्याला मिळाला आणि मग त्याने ‘उद्धवगीता’ लिहिली, असे महानुभाव परंपरा सांगते. वाचक बिघडेल ही काळजी इतकी जुनी आहे. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ 1962 च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली, तेव्हा अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1969 मध्ये काकोडकर निर्दोष सुटले. तरुण वाचकाच्या मनावर काय परिणाम होईल, याचा विचार त्या निकालातही आहेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : आधुनिक प्रेमकादंबरी इंग्रजीतून आली, तिचे जुन्या आख्यानांशी नाते कसले? रचनेच्या बाबतीत हे मान्य करावे लागते. ना. सी. फडके यांची घोटीव तंत्रदृष्टी स्वयंवरकाव्यांतून आलेली नाही. पण हलबे यांची ‘मुक्तामाला’ (1861) आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (1868) यांतील अद्भुत संकटे, ताटातूट आणि पुनर्मीलन हा सारा ऐवज एतद्देशीय कथांच्या ओळखीचा आहे. पुढे कादंबरीतून देव गेला आणि लग्नाला मान्यता कुठून आणायची, ही अडचण उभी राहिली. फडक्यांच्या सुशिक्षित, सुखवस्तू जगात ती सहसा बोचत नाही, कारण प्रेमिक बहुधा एकाच थरातले असतात. माझ्या मते त्यांच्या कादंबऱ्यांच्या लोकप्रियतेचे एक कारण हेच, आणि त्यांची मर्यादाही तीच.

ती अडचण लपवायला नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने (2016) नकार दिला. पाटलाची आर्ची खालच्या मानल्या गेलेल्या जातीतल्या परश्यासोबत पळून जाते. पाठलाग, दूरचे गाव, संसार, मूल, सारे ओळीने येते. गाणी खेडोपाडी वाजली, म्हणून हा निव्वळ करमणुकीचा चित्रपट ठरवणे सोपे आहे. पण त्याची मांडणी पाहिली तर जुन्या आख्यानाचा भाऊ इथे परत आलेला दिसतो. रुक्मी हरला, कारण समोर कृष्ण होता. आर्चीचा भाऊ माणसे घेऊन, माहेरची भेट म्हणून पाहुण्यासारखा दारात येतो, आणि त्याला अडवायला तिथे कोणी नसते.