शंभराला एकशे चव्वेचाळीस

फाळणीच्या हिशेबातला पंचावन्न कोटी हा आकडा मराठी माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. पण त्याच हिशेबात दोन वर्षांनी अजून एक आकडा आला, तो मात्र आपण साफ विसरलो. १४४. म्हणजे १०० पाकिस्तानी रुपये बरोबर १४४ भारतीय रुपये. माझ्या मते सर्वसामान्य माणसाच्या पोटावर या दुसऱ्या आकड्याने जास्त पाय दिला.

सुरुवात अर्थातच १०० ला १०० अशी होती. ऑगस्ट १९४७ मध्ये नवा देश झाला, पण नवं चलन तयार नव्हतं. त्यामुळे काही महिने दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक एकच होती, आपली रिझर्व्ह बँक. आणि गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख. १९४८ मध्ये पाकिस्तानसाठी काढलेल्या पहिल्या नोटा म्हणजे भारतीय नोटाच होत्या. सहाव्या जॉर्जचं चित्रही तेच, फक्त वर इंग्रजी आणि उर्दूत 'पाकिस्तान सरकार' असं छापलेलं. गंमत म्हणजे त्या छापल्या आपल्या नाशिकच्या छापखान्यात! मग १ जुलै १९४८ ला कराचीत स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, एकाच कोडचा फोर्क झाला. कॉन्स्टंट मात्र दोन्हीकडे जुनाच राहिला: एक रुपया म्हणजे दीड शिलिंग, आणि पौंडामार्फत एक डॉलर म्हणजे सुमारे ३.३१ रुपये.

१८ सप्टेंबर १९४९, रविवार. ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन केलं, ४.०३ डॉलरवरून थेट २.८० वर. भारताने पौंडाची साथ सोडली नाही, त्यामुळे डॉलर ४.७६ रुपयांना झाला. पाकिस्तानने मात्र आपला रुपया हलवायचा नाही असं ठरवलं.

इथे थोडं गणित. आपला रुपया डॉलरमध्ये साडेतीस टक्क्यांनी घसरला, म्हणजे १०० चे साडेएकोणसत्तर उरले. मग १०० ला साडेएकोणसत्तरने भागलं की १.४४ येतात. रात्रीतून १०० चे १४४ झाले ते असे.

पाकिस्तानचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. त्यांच्याकडे विकायला होता ताग आणि कापूस, ज्याला गिऱ्हाईक होतंच. आणि बाहेरून यंत्रं आणायची होती, ती स्वस्त पडणार होती. मग रुपया पाडायचा कशाला? भारताचं म्हणणं, हा दर आम्हाला मान्यच नाही.

आता तागाचा नकाशा बघा. अखंड हिंदुस्थानातला बहुतेक ताग पूर्व बंगालात पिकायचा आणि गिरण्या मात्र जवळपास सगळ्या हुगळीच्या काठी, कलकत्त्याच्या आसपास. पूर्व बंगालात तागाची एकही गिरणी नव्हती. कालपर्यंत १०० रुपयांना मिळणारा ताग आज १४४ ला घ्यायचा, तोही सरकार मानत नाही अशा दराने! व्यवहार जवळपास ठप्पच झाला. कलकत्त्याच्या गिरण्यांना कच्चा माल पुरेना. पूर्व बंगालात पीक पडून राहू लागलं. त्यात भारताने पाकिस्तानला जाणारा कोळसा थांबवला. ताग उत्पादकांना पैसा पुरवायला पाकिस्तानने नोव्हेंबर १९४९ मध्ये घाईघाईने नॅशनल बँक ऑफ पाकिस्तान काढली. म्हणजे आज त्या देशातल्या मोठ्या बँकांपैकी एक असलेली ही बँक जन्मली ती या १४४ मुळे.

पुढे पाकिस्तानला नशिबाने हात दिला. जून १९५० मध्ये कोरियाचं युद्ध पेटलं आणि ताग, कापसाचे भाव कडाडले. महाग रुपया असूनही माल खपू लागला. शेवटी फेब्रुवारी १९५१ मधल्या व्यापारी करारात भारताने पाकिस्तानी रुपयाचा दर मान्य केला. तेव्हा भारताचे अर्थमंत्री कोण होते? तेच चिंतामणराव! ज्यांच्या बँकेने दोन्ही देशांचा एकच रुपया सांभाळला, त्यांच्याच कारकिर्दीत दोन वेगळे रुपये कागदोपत्री मान्य झाले.

पण दीड वर्षात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. भारताने आपल्याकडे तागाची लागवड वाढवायला घेतली. पाकिस्तानने नारायणगंजला आदमजी गिरणी उभी केली. ज्याच्याकडे पीक होतं त्याने गिरण्या बांधल्या आणि ज्याच्याकडे गिरण्या होत्या त्याने पीक घेतलं. नकाशावरची रेघ १९४७ मध्ये मारली खरी, पण रेघेवरून चालणारा धंदा तुटला तो या दराने.

आणि महाग रुपयाची किंमत मोजली कोणी? यंत्रं स्वस्तात आली ती मुख्यतः कराचीच्या कारखानदारांना. ज्या तागावर डॉलर मिळत होते तो पिकवणाऱ्या पूर्व बंगालच्या शेतकऱ्याला मात्र प्रत्येक डॉलरमागे ४.७६ ऐवजी ३.३१ च्या हिशेबानेच पैसे मिळायचे. आमच्या कष्टाचे पैसे पश्चिमेकडे जातात ही तिथली तक्रार १९७१ पर्यंत धुमसत राहिली. तिची कारणं अनेक होती, पण त्यातलं एक या दरात होतं.

कोरियाची तेजी ओसरल्यावर पाकिस्तानलाही हा दर झेपेना. १९५५ मध्ये त्यांनीही डॉलर ४.७६ वर नेला आणि पुन्हा १०० ला १०० झाले. जून १९६६ मध्ये आपण डॉलर साडेसातवर नेला, तेव्हा १०० ला सुमारे १५७. मे १९७२ मध्ये त्यांनी एकदम ११ वर नेला आणि पारडं उलटं झालं. २०२३ च्या अखेरीस तर एका भारतीय रुपयाला तीनपेक्षा जास्त पाकिस्तानी रुपये मिळत होते.

हल्ली हा शेवटचा आकडा आपल्याकडे मोठ्या अभिमानाने फिरवला जातो. पण १९५० मध्ये १४४ चा अभिमान कराचीतही असणारच की! चलनाचा दर म्हणजे काही क्रिकेटचा स्कोअर नव्हे. तो कोणाला परवडतो आणि कोणाच्या खिशातून जातो, एवढं विचारलं तरी पुष्कळ झालं. पूर्व बंगालातल्या ताग पिकवणाऱ्याला ते कोणी विचारलं नव्हतं.