लंडनमध्ये दोनदा जळालेला अजिंठा: जागतिक प्रदर्शनांनी आपल्या लेण्यांना काय दिलं, काय घेतलं?

३० डिसेंबर १८६६. लंडनच्या सिडनहॅम भागातल्या 'क्रिस्टल पॅलेस' या काचेच्या भव्य इमारतीला आग लागली आणि तिचा उत्तरेकडचा भाग जळून गेला. या आगीत अजिंठ्यातल्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकलाही खाक झाल्या. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने जवळपास दोन दशकं लेण्यांमध्ये बसून त्या रंगवल्या होत्या.

यानंतर मुंबईच्या चित्रकारांनी त्याच चित्रांच्या नकला नव्याने केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये त्यातल्याही बऱ्याच आगीत सापडल्या.

छत्रपती संभाजीनगरपासून साधारण शंभर किलोमीटरवर असलेली ही लेणी आज जागतिक वारसा आहेत. पण त्यांची चित्रं जगाला माहीत कशी झाली, हे समजून घ्यायचं असेल तर एकोणिसाव्या शतकातल्या जागतिक प्रदर्शनांकडे वळावं लागतं.

जागतिक प्रदर्शन म्हणजे नेमकं काय?

आज ज्याला आपण 'वर्ल्ड एक्स्पो' म्हणतो, त्याची सुरुवात १ मे १८५१ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये झाली असं मानलं जातं. 'ग्रेट एक्झिबिशन' या नावाने ओळखलं जाणारं हे प्रदर्शन साडेपाच महिने चाललं. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट आणि हेन्री कोल हे त्यामागचे प्रमुख सूत्रधार. प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टन यांनी लोखंड आणि काचेची एक अजस्र इमारत उभारली. तोच क्रिस्टल पॅलेस.

सुमारे ६० लाख लोकांनी हे प्रदर्शन पाहिलं. वाफेची यंत्रं, कापड, दागिने, हत्यारं आणि कलावस्तू असं सगळं एका छताखाली होतं. हिंदुस्थानच्या वस्तूंना मोठी जागा मिळाली होती. दोनच वर्षांपूर्वी पंजाब जिंकल्यावर ताब्यात आलेला कोहिनूर हिरा हे मोठं आकर्षण होतं. त्रावणकोरच्या महाराजांनी राणीला पाठवलेलं हस्तिदंती सिंहासनही तिथे होतं. थोडक्यात, ब्रिटिश साम्राज्याकडे काय काय आहे हे दाखवण्याचीही ती जागा होती.

प्रदर्शन संपल्यावर दोन गोष्टी घडल्या आणि अजिंठ्याच्या कथेत त्या दोन्ही महत्त्वाच्या आहेत. पहिली, क्रिस्टल पॅलेस हाइड पार्कमधून उचलून सिडनहॅमला नेण्यात आला आणि १८५४ पासून तिथे कायमस्वरूपी प्रदर्शन सुरू झालं. दुसरी, प्रदर्शनातून उरलेल्या सुमारे १ लाख ८६ हजार पौंडांच्या नफ्यातून साउथ केन्सिंग्टन भागात जमीन घेऊन संग्रहालयं आणि शिक्षणसंस्था उभ्या करण्यात आल्या. आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय त्यातलंच एक.

अजिंठ्याच्या नकलांचा पहिला संच सिडनहॅमला जळाला, तर दुसऱ्या संचाला साउथ केन्सिंग्टनमध्ये आग लागली.

गिल अजिंठ्यात का आला?

एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा ब्रिटिश अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघोरा नदीच्या खोऱ्यात आला आणि त्याने ही लेणी पाहिली. दहाव्या लेण्यात त्याने कोरलेलं नाव आणि तारीख आजही आहे. आसपासच्या गावकऱ्यांना ही जागा त्याआधीपासून ठाऊक होतीच, पण बाहेरच्या अभ्यासकांपर्यंत ती त्यानंतर पोहोचली.

वास्तू-अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ मध्ये भारतातल्या लेण्यांवर निबंध वाचला. ही चित्रं नष्ट होण्याआधी त्यांची नोंद व्हायला हवी, असा आग्रह रॉयल एशियाटिक सोसायटीने ईस्ट इंडिया कंपनीकडे धरला. त्यातून मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिलची नेमणूक झाली.

गिल अजिंठा गावात राहू लागला. लेण्यांमध्ये अंधार होता, वटवाघळं होती, परिसरात वाघांचा वावर होता. तशा परिस्थितीत कॅनव्हासवर तैलरंगात, मूळ आकाराच्या जवळ जाणाऱ्या नकला करण्याचं काम त्याने चालवलं. तयार झालेली चित्रं लंडनला जात राहिली आणि त्यातली बहुतेक सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली. लाखो लोकांसाठी अजिंठा पाहण्याची ती पहिलीच संधी होती.

१८६६ च्या आगीतून बचावली ती तिथे नसलेली मोजकी चित्रं. जळालेल्यांपैकी काहींची छोटी कोरीव चित्रं १८५६ च्या एका इंग्रजी पुस्तकात छापली गेली होती. तेवढीच त्यांची आठवण उरली. गिलने पुढे कॅमेरा हाती घेतला होता. त्याने काढलेल्या लेण्यांच्या छायाचित्रांचं पुस्तक फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ मध्ये प्रसिद्ध झालं. १८७९ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर भुसावळला आहे.

महाराष्ट्रात गिलचं नाव ओळखीचं आहे ते मात्र पारोमुळे. त्याची ही स्थानिक सहचरी १८५६ मध्ये वारली. अजिंठा गावात गिलने बांधलेली तिची कबर आजही आहे. ना. धों. महानोर यांचं 'अजिंठा' हे दीर्घकाव्य आणि २०१२ चा नितीन देसाई यांचा मराठी चित्रपट याच दोघांवर आहे.

मुंबईच्या विद्यार्थ्यांनी काय केलं?

पहिल्या नकला गेल्यावर दुसरा संच करण्याची जबाबदारी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे आली. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात काम केलं. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावाजलेले चित्रकार या तुकडीत होते. सुमारे तीनशे चित्रं तयार झाली.

ही चित्रंही साउथ केन्सिंग्टनला पाठवण्यात आली आणि १८८५ मध्ये तिथे आग लागली. यावेळी काही चित्रं वाचली. ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन खंडांत अजिंठ्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या नकलांपैकी दीडशेहून अधिक चित्रं आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्यांचा बराच काळ साठवणीच्या खोल्यांमध्ये गेला.

या कामाचा आपल्याकडचा परिणाम वेगळाच होता. जे. जे.मध्ये तोवर युरोपीय पद्धतीचं चित्रकलाशिक्षण दिलं जात होतं. त्या विद्यार्थ्यांना अनेक वर्षं भारतीय भित्तिचित्रांसमोर बसून रेषा, हातांच्या मुद्रा आणि रंगसंगती शिकावी लागली. लंडनसाठी सुरू झालेलं काम मुंबईच्या चित्रकारांसाठी शाळा ठरलं.

मुंबईचं संग्रहालयही प्रदर्शनातूनच?

हो. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे जागतिक प्रदर्शनांचं आपल्याकडचं थेट अपत्य आहे. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून कलाकुसरीच्या आणि व्यापारी वस्तू गोळा करण्यात आल्या. तशाच वस्तूंचा एक संच मुंबईत ठेवण्यात आला आणि त्यातून संग्रहालयाची सुरुवात झाली. भायखळ्याची सध्याची इमारत १८७२ मध्ये खुली झाली.

हे संग्रहालय उभं राहावं म्हणून झटणाऱ्यांमध्ये जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड होते. पेशाने डॉक्टर असलेल्या भाऊ दाजींनी अजिंठ्याच्या शिलालेखांचा अभ्यास करून त्यांचं वाचन प्रसिद्ध केलं. इंग्रज अधिकारी चित्रांच्या नकला करत होते, त्याच काळात एक मराठी विद्वान तिथली अक्षरं वाचत होता. १९७५ मध्ये संग्रहालयाला त्यांचं नाव देण्यात आलं.

नकलांमुळे मूळ चित्रांचं नुकसान झालं का?

या कथेतला हा सगळ्यात अवघड भाग आहे. अजिंठ्यातली चित्रं माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू मिसळून केलेल्या गिलाव्यावर, तो सुकल्यानंतर रंगवलेली आहेत. त्यामुळे ओल, धूर, कीटक आणि माणसाचा हात, सगळ्यांचाच त्यांना धोका आहे.

नकला करणाऱ्यांना फिकट झालेले रंग नीट दिसावेत म्हणून भिंतींवर व्हार्निश लावलं गेलं. ग्रिफिथ्स यांच्या काळातही हे झालं. काही दिवस रंग उजळ दिसले, पण पुढे व्हार्निश पिवळं आणि काळपट पडलं. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून लॉरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या संवर्धकांना बोलावलं. त्यांनी सुटत चाललेला गिलावा भिंतीला पक्का केला आणि जुनं व्हार्निश काढण्याचा प्रयत्न केला. मात्र, त्यांनी लावलेला लाखेचा थरही कालांतराने काळवंडला. हे थर काढण्याचं काम पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना वर्षानुवर्षं करावं लागलं.

म्हणजे चित्रं दूरच्या प्रेक्षकांना दाखवण्याच्या खटपटीत मूळ भिंतींना इजा झाली. दुसरीकडे, भिंतींवरचा जो भाग नंतर गळून पडला, तो कसा होता हे सांगायला काही ठिकाणी आज याच नकला उरल्या आहेत.

मग जगावर प्रभाव कसा पडला?

तिसरा मोठा प्रयत्न १९०९ ते १९११ या दरम्यान झाला. इंग्रज चित्रकार लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस, असितकुमार हालदार, के. वेंकटप्पा आणि समरेंद्रनाथ गुप्त हे तरुण चित्रकार होते. हैदराबाद संस्थानातले सय्यद अहमदही होते, ज्यांनी पुढे लेण्यांच्या देखभालीचं काम पाहिलं. १९११ मध्ये क्रिस्टल पॅलेसमध्येच भरलेल्या 'फेस्टिव्हल ऑफ एम्पायर' प्रदर्शनात या नकला मांडण्यात आल्या. यावेळी आग लागली नाही. पुढे नंदलाल बोस यांनी शांतिनिकेतनच्या कलाभवनात पिढ्या घडवल्या आणि अजिंठ्याची रेषा आधुनिक भारतीय चित्रकलेत रुजली.

जपानी चित्रकार अराई काम्पो १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्यात नकला करून गेले. टोकियोत ठेवलेल्या जपानी नकला १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या. त्याच वर्षी रशियन नर्तिका ॲना पावलोवा यांनी लंडनमध्ये अजिंठ्याच्या चित्रांवर आधारित बॅले सादर केला.

अर्थात, प्रदर्शनांची दुसरी बाजूही आहे. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनाने आयफेल टॉवर दिला, पण त्याच प्रदर्शनात वसाहतींमधल्या माणसांची 'खेडी' उभारून त्यांना बघ्यांपुढे बसवण्यात आलं. १८८६ च्या लंडनमधल्या वसाहती प्रदर्शनात भारतीय कारागीर म्हणून आग्र्याच्या तुरुंगातले कैदी नेण्यात आले होते. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात मात्र भारतीयांनी स्वतःचं म्हणणं मांडलं. त्याच्या जोडीने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले आणि राजा रविवर्मा यांच्या चित्रांना तिथे पारितोषिकं मिळाली.

आज ही प्रदर्शनं कोण भरवतं?

१९२८ च्या करारानुसार पॅरिसमध्ये मुख्यालय असलेली आंतरराष्ट्रीय प्रदर्शन संस्था या प्रदर्शनांना मान्यता देते. मोठं प्रदर्शन दर पाच वर्षांनी भरतं आणि ते सहा महिन्यांपर्यंत चालतं. मधल्या काळात एखाद्या विषयापुरतं छोटं प्रदर्शन होतं. १३ एप्रिल ते १३ ऑक्टोबर २०२५ या काळात जपानच्या ओसाकात मोठं प्रदर्शन झालं. पुढचं मोठं प्रदर्शन २०३० मध्ये सौदी अरेबियातल्या रियाधला होणार आहे.

आणि अजिंठ्यात काय सुरू आहे?

१९८३ मध्ये युनेस्कोने अजिंठ्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. गर्दीचा ताण कमी व्हावा म्हणून लेण्यांच्या अलीकडे जपानच्या कर्जसाहाय्यातून पर्यटक केंद्र बांधण्यात आलं. १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती तिथे उभारल्या गेल्या. २०१३ मध्ये सुरू झालेलं हे केंद्र पुढे पाणी आणि विजेच्या थकीत बिलांमुळे बंद पडलं. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार हे लेण्यांमधल्या मंद उजेडात चित्रांची छायाचित्रं घेऊन, गळालेले भाग संगणकावर भरून काढण्याचं काम अनेक वर्षं करत आहेत.

गिलच्या काळात नकला लागत होत्या, कारण लंडनचा प्रेक्षक अजिंठ्याला येऊ शकत नव्हता. आज लोक लेण्यांपर्यंत सहज पोहोचतात आणि त्यांच्या श्वासातली वाफ, उष्णता आणि धूळ हाच चित्रांसाठी नवा धोका आहे. त्यामुळे नकलेचं काम बदललं आहे. पूर्वी ती चित्रं दूर नेण्यासाठी हवी होती, आता गर्दी दूर ठेवण्यासाठी हवी आहे. क्रिस्टल पॅलेस १९३६ च्या दुसऱ्या आगीत पूर्णपणे संपला. वाघोरेच्या काठावरच्या भिंती मात्र दीड हजार वर्षांनंतरही उभ्या आहेत आणि त्यांच्यावरची चित्रं नव्याने करता येणार नाहीत.